सरकारी लिलावातली बोलेरो घ्यावी का?

माळावरचा | ५ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयाची जाहीर सूचना काल पेपरात आली. 'निर्लेखित वाहनांची जसे आहे, जेथे आहे या तत्त्वावर ई-लिलावाद्वारे विक्री.' एकूण ७ वाहनं, निर्लेखित म्हणजे कार्यालयानं बाद केलेली. त्यातली एक बोलेरो, पांढरी, डिझेल, नोंदणी नोव्हेंबर २०१०, किमान किंमत ९५ हजार.

माझं डाळिंब आहे. खताच्या गोण्या, क्रेट, औषधाचे ड्रम, कधी आजारी वासरू. मळ्यात जायचा रस्ता नावालाच रस्ता आहे. आमच्याकडे त्याच सालची बरी बोलेरो अडीच लाखांच्या खाली कोणी सांगत नाही. म्हणून ९५ हजार वाचल्यापासून झोप उडालीय. मेहुणा म्हणतो सोनं आहे, डोळे झाकून घ्या. बायको म्हणते, सरकारनं टाकून दिलेली गाडी आपण कशाला उचलायची?

इथे कोणी अशी गाडी घेतलीय का? गाडी कशी निघाली, कागदपत्रांचं काय झालं, खरंच स्वस्त पडते का? ऐकीव नको, अनुभव सांगा.

चकटफू | ५ जुलै, रात्री ९:५२

लाल दिवा सोबत मिळतो का?

खडूस_पुणेकर | ५ जुलै, रात्री १०:०५

@चकटफू, लाल दिवा १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरही नाही. तुम्ही इथलेच दिवे घ्या.

@माळावरचा, वहिनींचं ऐका. धागा बंद करायला हरकत नाही.

स्टेपनी | ५ जुलै, रात्री ११:३०

मी घेतलीय, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे. २०१९ सालची गोष्ट. एका खात्याची टाटा सुमो, ११ वर्षांची. खातं कुठलं ते सांगत नाही, अजून तिथे कामं पडतात.

बोली लागली ८१ हजाराला. घरी पेढे वाटले. मग हिशेब सुरू झाला. बोलीवर कर वेगळा. गाडी चालू स्थितीत आहे असं नोटिशीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, मीच तसं गृहीत धरलं होतं. उचलायला क्रेन, साडेसहा हजार. चारही टायर दगड झालेले. क्लच प्लेट, व्हील सिलिंडर, रेडिएटर, सीटखालचा पत्रा. पाहायला गेलो तेव्हा नवी कोरी बॅटरी होती, ताबा घेताना तिच्या जागी एक म्हातारी बॅटरी बसलेली. स्टेपनी आणि जॅक गायब. विचारलं तर उत्तर, 'जसे आहे, जेथे आहे.' म्हटलं, साहेब, स्टेपनी जेथे होती तेथे नाहीये. कोणी हसलं नाही. (माझा आयडी त्या दिवसापासूनचा.)

रस्त्यावर आली तेव्हा एकूण खर्च १ लाख ९२ हजार. तेवढ्यात बाजारात तशीच गाडी चालवत घरी आणता आली असती. पण खरं सांगतो, त्यानंतर सहा वर्षं झाली, इंजिनला हात लावावा लागलेला नाही. तोटा झाला म्हणू की नाही, माझं मलाच कळत नाही.

तुम्हाला एकच सांगणं. पाहणीच्या दिवशी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा. बॅटरीचा नंबर, टायरचे नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर. आणि ताबा घेताना तो व्हिडिओ समोर धरा.

ठेचा_भाकर | ६ जुलै, सकाळी ७:१५

आमच्या इकडं एकानं पंचायत समितीची जीप घेतली होती राजेहो. आता गावातून निघाली की लोक घरकुलाचे अर्ज घेऊन मांगं पयतात. त्यानं दोनदा रंग बदलला, तरी जीपचा चेहरा काई बदलून नाई राह्यला.

जुना_कारकून | ६ जुलै, सकाळी १०:२०

मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली ९ वर्षं वाहनांच्या टेबलावर. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी मुळातली गोष्ट, जी इथे अजून कोणी काढली नाही. १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललाय. केंद्र सरकार, राज्य सरकार, महापालिका, एसटीसारखी महामंडळं, सार्वजनिक उपक्रम, यांच्या मालकीच्या गाडीला १५ वर्षं झाली की तिची नोंदणी संपते. नूतनीकरण नाही. संरक्षण दल आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्यात. नियम आला तेव्हा गडकरींनी अशा ९ लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावरून जातील असं सांगितलं होतं. १५ वर्षं उलटलेली गाडी लिलावात आली तरी ती तुमच्या-माझ्यासाठी नसते, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रंच ती घेऊ शकतात. ७ गाड्यांच्या यादीत कुठल्या लॉटपुढे तशी अट आहे ते पाहा. मेहुण्यांनी जुन्या काळचे किस्से ऐकले असतील, तेव्हा १८-२० वर्षांच्या जीपगाड्या लोक घेऊन जायचे, पासिंग करून वापरायचे. तो जमाना गेला.

तुमची बोलेरो नोव्हेंबर २०१० ची. म्हणजे चार महिने शिल्लक. यातली गंमत अशी की ही मुदत सरकारी मालकीला आहे. हीच गाडी १५ वर्षांच्या आत खासगी नावावर झाली, तर तिला खासगी गाडीचा नियम. फिटनेस दाखवा, फी भरा, पर्यावरण कर भरा, पाच वर्षांचं नूतनीकरण घ्या. १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीला ही फी ५ हजार झाली, आधी ६०० होती. म्हणजे ऑक्टोबरात विकली तर गाडी, डिसेंबरात विकली तर लोखंड. इंजिन तेच, पत्रा तोच.

कोणी विचारेल, मग खाती १२व्या-१३व्या वर्षीच का विकत नाहीत? विकायला हवी. केंद्राच्या जुन्या निकषात तर हलकी गाडी साडेसहा वर्षं किंवा दीड लाख किलोमीटर, यातलं जे नंतर पुरं होईल तेव्हा बाद करता येते. कागदावर. प्रत्यक्षात गाडी नादुरुस्त होते, दुरुस्तीचं अंदाजपत्रक जातं, ते परवडत नाही असा शेरा येतो. मग निर्लेखनाचा प्रस्ताव, तांत्रिक तपासणी, मूल्यांकन, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. तेवढ्यात साहेबांची बदली. नव्या साहेबांना आधी नवी गाडी हवी असते, जुनीची फाइल नको असते. गाडी आवारात कडुनिंबाखाली. मी एका जीपची फाइल चार वर्षं सांभाळली. शेवटी जीपमध्ये मुंगसानं घर केलं. तसा शेरा लिहायला कुठे रकाना नव्हता.

खडूस_पुणेकर | ६ जुलै, सकाळी १०:४१

कारकूनकाका, मुंगसासाठी साष्टांग. धागा चालू ठेवायला परवानगी.

डॉलरबहाद्दर | ६ जुलै, सकाळी ११:१०

आमच्याकडे अमेरिकेत हा प्रकार अगदी रोजचा आहे. शहरं, काउंट्या, शाळा आपल्या गाड्या ऑनलाइन लिलावात काढतात, केंद्र सरकारच्या जीएसए खात्याच्या वेगळ्या निघतात. मी विद्यार्थी असताना पोलिसांची क्राउन व्हिक्टोरिया घेतली होती. फोर्डनं ती २०११ मध्ये बंद केली, पण टॅक्सीवाले आणि माझ्यासारखे फुकटे तिच्यावर जीव टाकायचे. डॅशबोर्डला रेडिओची भोकं, छपराला दिव्याची भोकं, मागच्या दाराला आतून हँडल नाही. मित्राला मागे बसवलं की उतरवायला मलाच जावं लागे.

एक गोष्ट कामाची आहे. पोलिसांच्या गाड्यांच्या मीटरवर मैलांशिवाय 'आयडल अवर्स' दिसतात, म्हणजे गाडी उभी पण इंजिन चालू असे तास. फोर्डचा हिशेब असा की असा एक तास म्हणजे ३३ मैल चालल्यासारखं धरा, आपले सुमारे ५३ किलोमीटर. मीटरवर ८० हजार मैल, पण खरं इंजिन दीड-दोन लाखांचं. त्यामुळे इथले जाणते लोक पोलिसांची गाडी सोडून पाणीखात्याची किंवा शाळा-इन्स्पेक्टरची गाडी शोधतात.

स्टेपनी | ६ जुलै, दुपारी १२:०२

आपल्याकडे हे तास मोजायला लागले तर मीटर वितळेल. साहेब मीटिंगला वर, गाडी खाली एसी लावून चालू, आणि आत ड्रायव्हरदादांची वामकुक्षी.

सायसाखर | ६ जुलै, दुपारी २:३५

@स्टेपनी, हलकेच घेतेय. माझे बाबा सरकारी वाहनचालक होते, म्हणून चार शब्द.

बाबांकडे ११ वर्षं एकच जीप होती, तहसील कचेरीची. लॉगबुक रोज रात्री घरी जेवणाआधी भरायचे. निघाल्याचं वाचन, परतीचं वाचन, कुठून कुठे, कोणाच्या कामाला. त्या वह्यांमधलं अक्षर आमच्या शाळेच्या वह्यांपेक्षा नीट होतं. ऑइल कधी बदललं, पाटा कधी तुटला, सगळं त्यात. लिलावात गाडी घेणारे लोक पाहायला यायचे तेव्हा बाबांना वाटायचं, कोणीतरी वही मागावी. एकानंही कधी मागितली नाही. टायरला लाथ मारायची, बोनेट उघडायचं, मान हलवायची, निघून जायचं.

बाबा म्हणतात, सरकारी गाडी चालून मरत नाही, उभी राहून मरते. चालू होती तोवर ती रोज धुतली जायची, दर सोमवारी हवा. चालक निवृत्त झाला, जागा भरली नाही, की गाडी उभी. सहा महिन्यांत बॅटरी बसते, वर्षात ब्रेक धरतात, डिझेलच्या टाकीत पाणी सुटतं, उंदीर वायरी खातात. दुसऱ्या वर्षी गाजरगवत चाकांच्या वर. मग तिला बाद म्हणतात.

माळावरचा, बाबांना आत्ताच फोन करून विचारलं. ते म्हणाले, गाडी कधीपासून उभी आहे ते लॉगबुकमधल्या शेवटच्या नोंदीवरून कळेल. शेवटच्या पाच वर्षांत किती चालक बदलले तेही पाहायला सांगा. एकाच हाताची गाडी असेल तर घ्या. 'ज्याला सापडली त्यानं चालवली' अशी असेल तर ९५ हजारही जास्त.

माळावरचा | ६ जुलै, दुपारी ३:००

सायसाखरताई, बाबांना नमस्कार सांगा. पाहणीला गेलो की पहिली वहीच मागतो. कारकूनकाका, यादी परत नीट पाहिली. सातपैकी चार लॉटपुढे 'फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांसाठी' असं बारीक अक्षरात आहे. बोलेरोपुढे नाही. चार महिन्यांचं गणित डोक्यातच आलं नव्हतं.

गिअरबॉक्स | ६ जुलै, सायंकाळी ६:२०

सरकारी लिलाव म्हणजे नुसत्या बोलेरो नव्हेत हो. खरी नशा सैन्याच्या गाड्यांची. जिप्सी आणि त्याहून जोंगा. जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनायची, १९९९ पर्यंत. मूळ डिझाइन निसानचं, सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. मित्रानं एक घेतली होती. पंपावर इंजिन बंद करायला सांगतात ते जोंगावाल्याच्या फायद्याचं असतं, नाहीतर टाकी भरता भरता रिकामी.

पण सैन्याच्या गाडीचं एक वेगळं लचांड. तिच्यावर बाण असलेला सैन्याचा नंबर, आरटीओकडे तिची नोंदच नसते. म्हणजे नाव बदलणं नाही, नव्यानं नोंदणी. गाडी आरटीओत नेऊन उभी करायची आणि सैन्याचे कागद एकूण एक दाखवायचे. मित्राला १४ महिने लागले. तेवढ्यात त्याचं लग्न ठरलं, झालं, आणि वहिनींनी जोंगा विकायला लावली.

चकटफू | ६ जुलै, सायंकाळी ६:४८

पाकिस्तानात २०१८ च्या सप्टेंबरात इम्रान खाननी पंतप्रधान निवासातल्या गाड्या लिलावात काढल्या होत्या, त्यासोबत आठ म्हशीपण. म्हशींचे त्यांचे २३ लाख रुपये आले. माळावरचा, तुमच्या सात लॉटमध्ये एखादी म्हैस आहे का बघा. म्हशीला पासिंग लागत नाही, आणि १५ वर्षांचा नियम तिला निसर्गानंच लावलाय.

कोर्टाची_पायरी | ७ जुलै, सकाळी ९:०५

कागदपत्रांवर कोणीच बोललं नाही अजून, म्हणून मी.

लिलावात घेतलेली गाडी नावावर करायला नेहमीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म चालत नाहीत. त्यासाठी फॉर्म ३२ आहे. गाडीचा ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत तो द्यायचा. सोबत आरसी, विमा, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं तुमच्या नावचं विक्री प्रमाणपत्र, आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत. ही शेवटची प्रत लोक हमखास विसरतात. कार्यालयातून निघतानाच ती मागून घ्या, नंतर 'फाइल वर गेलीय' असं उत्तर मिळतं. वर म्हणजे कुठे, ते कोणाला ठाऊक नसतं.

दुसरं. सरकारी गाडीला थर्ड पार्टी विम्यातून कायद्यानंच सूट आहे, मोटार वाहन कायदा कलम १४६. त्यामुळे पुष्कळदा गाडीला विमाच नसतो. ताबा घेतल्या क्षणी सरकारची सूट संपली, आता मालक तुम्ही. विमा न काढता फाटकाबाहेर आणलीत आणि कोणाला धडकलीत तर डाळिंबाचा मळा जाईल. विम्याची सोय आधी करा, नाहीतर ट्रकवर टाकून न्या.

तिसरं. सरकारी गाडीचा रोड टॅक्सही पुष्कळदा भरलेला नसतो. आरटीओत जाऊन तुमच्या गाडीला किती बसेल ते आधी विचारा, मगच बोलीचा आकडा ठरवा.

चौथं, दारावरचं 'महाराष्ट्र शासन' खरवडून काढा. हसू नका, असाच फिरणारा एक जण माझा अशील होता.

स्टेपनी | ७ जुलै, सकाळी ९:३०

फॉर्म ३२ ला हजार वेळा अनुमोदन. माझ्या एजंटानं २९-३० भरले, दोन हेलपाटे तिथेच गेले.

खानदेशी_केळं | ७ जुलै, सकाळी ११:१५

पूर्वी लिलाव आवारात, तोंडी व्हायचा. तेव्हाची मजा वेगळीच. आम्ही तीन मित्र गेलो होतो, एक जुनी जीप घ्यायला. झाडाखाली पंधरा-वीस भंगारवाले चहा पीत बसलेले. एक जण आला, खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, 'भाऊ, कशाला त्रास घेतो? हे दोन हजार घे, चहा पी, घरी जा.' म्हणजे आधीच आपसात ठरलेलं, बोली कोण लावणार, किती लावणार, आणि बाहेर मागाहून आपसात खरा लिलाव कधी. आम्ही बाणेदारपणे नाही म्हटलं. मग त्यांनी ती जीप आमच्यावर इतकी चढवली की घेतली असती तर तीच विकून घरी जावं लागलं असतं. दोन हजारही गेले, जीपही गेली.

जुना_कारकून | ७ जुलै, दुपारी १:४०

त्यालाच रिंग म्हणायचे. ई-लिलाव आल्यापासून ते बरंच मोडलं, कारण कोल्हापूरच्या आवारातल्या गाडीवर अकोल्याचा माणूस बोली लावतो आणि कोणाचा खांदा कोणाच्या हाताला लागत नाही. बरेच सरकारी लिलाव एमएसटीसीच्या संकेतस्थळावर होतात. ही केंद्र सरकारची कंपनी, १९६४ ची, मूळ नाव मेटल स्क्रॅप ट्रेड कॉर्पोरेशन. नावातच भंगार आहे, तेव्हा अपेक्षा बेतानं ठेवा.

खरेदीदार म्हणून आधी नोंदणी, मग अनामत रक्कम. शेवटच्या काही मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे 'शेवटच्या सेकंदाला मारू' ही हुशारी चालत नाही. आणि सर्वात महत्त्वाचं, तुमची बोली सर्वोच्च ठरली तरी तुमच्या नावापुढे 'एसटीए' असं येऊ शकतं. म्हणजे मंजुरीच्या अधीन. विकणाऱ्या खात्याला किंमत पटली तर गाडी तुमची, नाहीतर फेरलिलाव. तोवर अनामत अडकलेली. मंजूर झाली तर पैसे भरायला मोजके दिवस, गाडी उचलायला मोजके दिवस, त्यानंतर रोजचं जागाभाडं. सरकारनं आवारात चार वर्षं ठेवली तर भाडं नाही, तुम्ही चार दिवस ठेवली तर आहे.

लाल_डबा | ७ जुलै, रात्री ८:१०

अवांतर: एसटीच्या भंगारात निघालेल्या गाड्यांचं असंच. आमच्या गावाजवळच्या ढाब्यावर एका जुन्या लालपरीचा सांगाडा आहे, आत बाकं आणि टेबलं. चहा घेताना अजूनही वाटतं, आता कंडक्टर येईल आणि सुट्टे मागेल.

अँबी_प्रेमी | ७ जुलै, रात्री ९:२५

अवांतरात माझंही. अँबेसेडर उत्तरपाड्याच्या कारखान्यात मे २०१४ मध्ये बंद झाली. म्हणजे कारकूनकाकांच्या नियमानं शेवटची सरकारी अँबेसेडर २०२९ मध्ये १५ वर्षांची होऊन लोखंड होणार. कोणाला एखाद्या कार्यालयात उभी दिसली तर आत्ताच निरोप द्या, मी अनामत भरून तयार बसतो.

सायसाखर | ७ जुलै, रात्री ९:४०

बाबा म्हणतात, अँबेसेडर घ्यायची तर मेकॅनिकही दत्तक घ्या.

सावध_हरिणी | ८ जुलै, सकाळी ८:३०

एक इशारा. 'पोलिसांनी जप्त केलेल्या गाड्यांचा लिलाव, बुलेट फक्त ५ हजारांत, आजच बुकिंग करा' असे व्हॉट्सॲप निरोप फिरतात. सैन्याच्या गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं दाखवतात. 'बदली झालीय, गाडी विकायचीय.' माझ्या भावानं 'गेटपासचे' तीन हजार पाठवले, मग 'डिलिव्हरीचे' आठ. गाडी अजून येतेय. खऱ्या लिलावात गाडी जागेवर जाऊन पाहता येते आणि कोणी तुम्हाला घाई करत नाही. सरकारला कसली घाई?

कोर्टाची_पायरी | ८ जुलै, सकाळी ९:१०

बरोबर. आणि खरोखर जप्त केलेली गाडी (दारूबंदीची, वाळूची) हा वेगळाच विषय. तिच्यावर आधीच्या मालकाचं बँककर्ज असू शकतं, न्यायालयात अपील चालू असू शकतं. सरकारच्या स्वतःच्या मालकीची गाडी त्यापेक्षा कितीतरी साधी, मालक एकच आणि तो पळून जात नाही.

माळावरचा | १२ जुलै, सायंकाळी ७:३०

पाहून आलो. आधी वही मागितली. बाबूंनी असं पाहिलं की जणू त्यांची जन्मपत्रिका मागितली. पण एक शिपाईमामा उठले आणि कपाटावरून धूळ झटकत घेऊन आले. शेवटची नोंद १९ ऑगस्ट २०२३. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं उभी. पण त्याआधीची सात वर्षं एकच अक्षर, एकच सही! मीटर २ लाख ३४ हजार, वहीशी जुळतंय. खालचा पत्रा डाव्या बाजूला गेलाय, टायर संपलेत, सीटवर मांजरीची तीन पिल्लं. चासी नंबर आरसीशी जुळला. व्हिडिओ काढला, स्टेपनीचा चारही बाजूंनी काढला.

आमच्या गॅरेजवाल्या दादाला सोबत नेलं होतं. तो म्हणाला, इंजिन हातानं फिरतंय, जाम नाही. ७०-८० हजार खर्च धर. म्हणजे बोली, कर, क्रेन, दुरुस्ती, टॅक्स, सगळं धरून मी सव्वा लाखाच्या वर बोली लावायची नाही असं ठरवलंय.

सायसाखर | १२ जुलै, रात्री ८:०५

सात वर्षं एकच अक्षर हे ऐकून बाबा म्हणाले, 'घे म्हणावं.' (पिल्लांचं काय ठरलं?)

डॉलरबहाद्दर | १२ जुलै, रात्री ९:३०

दोन वर्षं उभी आणि मग लिलाव? इथे गाडी ठरल्या मुदतीला सेवेतून निघते आणि चालत लिलावाला जाते.

जुना_कारकून | १२ जुलै, रात्री ९:५०

तुमच्याकडे गाडी निवृत्त होते, आमच्याकडे तिला मुदतवाढ मिळते.

माळावरचा | २६ जुलै, सायंकाळी ५:४५

लिलाव झाला! दुपारी ३ ला संपायचा, वेळ वाढत वाढत ४:१० झाले. मी, आणि समोर कोणीतरी एक, पाचशे-पाचशेनं. तो १ लाख १२ हजारांवर थांबला. मी १ लाख १२ हजार ५००. घरात टाळ्या. बायकोनं पण वाजवल्या, हळूच. पण नावापुढे ते एसटीए आलंय.

स्टेपनी | २६ जुलै, सायंकाळी ६:००

अभिनंदन. पेढे इतक्यात वाटू नका.

खडूस_पुणेकर | २६ जुलै, सायंकाळी ६:१२

पेढे वाटायचेच तर पत्ता खासगी निरोपानं कळवतो.

माळावरचा | १८ ऑगस्ट, दुपारी १२:२०

तीन आठवडे झाले, मंजुरी नाही, नकारही नाही. कार्यालयात गेलो. फाइल 'वर' गेलीय.

कोर्टाची_पायरी | १८ ऑगस्ट, दुपारी १२:४४

मी काही बोलत नाही.

माळावरचा | ४ सप्टेंबर, सकाळी ११:०५

निकाल लागला. 'प्राप्त झालेली बोली अपेक्षित किमतीपेक्षा कमी असल्याने नामंजूर.' किमान किंमत त्यांनीच ९५ हजार लावली होती ना? अनामत परत मिळेल म्हणाले. फेरलिलाव करणार आहेत, त्यासाठी मूल्यांकन पुन्हा मागवलंय. शिपाईमामांनी हळूच सांगितलं की मधल्या पावसात एक दार पार गेलं. पिल्लं मात्र मोठी झालीत, एक मी घरी आणलंय. नाव बोलेरो ठेवलंय.

कारकूनकाका, तुम्हाला एकच विचारायचंय. फेरलिलाव नोव्हेंबरच्या आत होईल ना?

जुना_कारकून | ४ सप्टेंबर, सकाळी ११:३२

कोणत्या सालच्या?